शुश्रूषायोग
(शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या रुग्णाची सेवा आणि गीतेची शिकवण)

गीतेचा आरंभ उपदेशाने झालेला नाही, विषादाने झालेला आहे. पहिल्या अध्यायात (१.२८-३०) अर्जुन आपल्या देहाची अवस्था सांगतो. गात्रे गळून गेली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, हातातले गांडीव निसटत आहे आणि मन जागेवर राहत नाही. ही अवस्था भित्र्या मनुष्याची नव्हे. ज्याने अनेक संग्राम जिंकले, त्या वीराची ही अवस्था आहे. ती शत्रूच्या बळामुळे झाली नाही. समोर स्वजन उभे होते म्हणून झाली. परक्याविषयीचे कर्तव्य करताना मनुष्याचा हात सहसा कापत नाही. प्रश्न आपल्या माणसाचा आला की तोच हात कापू लागतो. गृहस्थाला हा अनुभव कुरुक्षेत्रावर घेण्याचे कारण पडत नाही. तो त्याला घराच्या चार भिंतींतच येतो. शस्त्रक्रिया होऊन पती किंवा पत्नी घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवस हा तसाच एक प्रसंग होय.

एका घरातील प्रसंग

बंगळुरात राहणाऱ्या एका वृद्ध मराठी दांपत्याची कल्पना करावी. १६३८ नंतर शहाजीराजांकडे या नगरीची जहागीर आली, तेव्हापासून मराठी बोलणाऱ्यांचा येथे राबता आहे. अशांपैकी बसवनगुडीतील हे एक घर. पती अडुसष्ट वर्षांचे, नोकरीतून निवृत्त झालेले. मुलगा दुसऱ्या शहरी. पत्नीच्या हृदयावर बायपासची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी घरी जाण्यास अनुज्ञा दिली.

रुग्णालयात असेपर्यंत पतीला चिंता होती, तरी तिला आधार होता. घंटा वाजविताच परिचारिका येई. नाडी, रक्तदाब, ताप यांची नोंद दुसरे कोणी ठेवी. घरी निघताना हाती कागदांची एक जाडजूड चळत आणि औषधांची पिशवी आली, आणि काल अनेक जाणत्या माणसांनी वाटून घेतलेला भार आज एका अजाण मनुष्याच्या खांद्यावर आला. घरी येतानाही रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला पत्नीने छातीशी धरलेली उशी घट्ट आवळली आणि प्रत्येक वेळी पतीने श्वास रोखला.

संध्याकाळी भेटीस आलेले आप्त परतले. रात्री दोनच्या सुमारास पत्नीला खोकला आला. छातीचे मधले हाड कापून तारेने सांधलेले; खोकताना ते दुखते. पती दचकून उठले आणि म्हणाले, "अगं, किती वेळा सांगितले तुला, उशी छातीशी धरून खोकत जा म्हणून! कळत कसे नाही?" पत्नी काही बोलली नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरविले. थोड्या वेळाने हुंदका ऐकू आला. पती पाणी आणण्यासाठी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा हातातले भांडे निसटून खाली पडले.

अर्जुनाच्या हातून गांडीव निसटले. येथे पाण्याचे भांडे निसटले. कारण एकच आहे. प्रेम, भय आणि 'सर्व काही माझ्यावर आहे' ही भावना यांचे मिश्रण झाले की बुद्धी झाकोळते आणि ज्याच्यासाठी जीव कासावीस होतो त्याच्याच अंगावर मनुष्य खेकसतो. हा दोष दुष्टपणाचा नसून विषादाचा आहे. म्हणून त्यावरील औषधही गीतेतच शोधावयास हवे.

शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

रुग्णसेवेला आपल्या भाषेत शुश्रूषा हा सुंदर शब्द आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे, या धातूपासून तो झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, आणि सेवा हा अर्थ त्यातूनच पुढे आला. गीतेच्या अठराव्या अध्यायात (१८.६७) हे ज्ञान कोणाला सांगू नये हे बजावताना भगवंतांनी याच धातूचा शब्द वापरला आहे: ज्याला ऐकावयाचे नाही, त्याला ते सांगू नये. ज्याला ऐकण्याची इच्छा नाही, त्याला ज्ञान मिळत नाही आणि त्याच्या हातून सेवाही घडत नाही, असा बोध त्यातून घेता येतो.

सेवकाने तिघांचे ऐकावयाचे असते. पहिले डॉक्टरांचे व परिचारिकेचे, दुसरे रुग्णाचे आणि तिसरे स्वतःच्या देहाचे. यांपैकी एकाचेही ऐकणे सुटले तर शुश्रूषा अपुरी राहते.

प्राचीनांना हे ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठिकाणी चार गुण असावेत असे तेथे म्हटले आहे. उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे ते चार गुण होत. घरातील माणसाच्या ठिकाणी अनुराग आधीच असतो. तो कोणाला शिकवावा लागत नाही. उरलेले तीन मात्र शिकावे लागतात. नुसत्या प्रेमावर शुश्रूषा होत नाही, ही चरकाची शिकवण आजच्या गृहस्थानेही ध्यानी धरण्यासारखी आहे.

बंगळूरमधील एक उपक्रम

हीच गोष्ट बंगळूर नगरीत आधुनिक काळात पुन्हा एकदा प्रत्ययास आली. डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेल्या नारायण हृदयालय या रुग्णालयात दूरदूरचे रुग्ण हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी येतात. प्रत्येकाबरोबर घरची माणसे असतात. ती तासन् तास बाहेर बसून राहतात. त्यांच्या मनात भय असते, मदतीची उत्कट इच्छा असते, परंतु काय करावे हे कोणी सांगितलेले नसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांच्या हे लक्षात आले. या बसून राहिलेल्या आप्तांनाच शुश्रूषेचे शिक्षण द्यावे, अशी कल्पना त्यातून निघाली. पुढे २०१४ साली नूरा हेल्थ ही संस्था स्थापन झाली. रुग्णालयातील परिचारिकांनीच नातेवाइकांना गोळा करून, चित्रे व चलच्चित्रे दाखवून, प्रत्यक्ष करून घेऊन हे धडे द्यावयाचे, अशी तिची रीत आहे. आज हे काम कर्नाटक, पंजाब, मध्य प्रदेश इत्यादी राज्यांतील शासकीय रुग्णालयांत आणि बांगलादेशातही चालते.

अशा धड्यांचे विषय साधे असतात. जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावे. जखम कोरडी ठेवावी. तिच्यावर घरगुती लेप किंवा हळद लावू नये. औषधांच्या वेळा लिहून ठेवाव्या आणि बरे वाटते म्हणून कोणतेही औषध आपल्या विचाराने बंद करू नये. सांगितलेला श्वासाचा व्यायाम करवून घ्यावा. खोकताना छातीला उशीचा आधार द्यावा. छातीचे हाड जुळून येण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर रुग्णाने जड वस्तू उचलू नये, ओढू नये. रोज थोडे थोडे चालावे. ताप येणे, जखम लाल होणे किंवा तिच्यातून पू येणे, पायांवर सूज चढणे, दम लागणे अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. छातीत असह्य वेदना होऊ लागल्यास किंवा शुद्ध हरपल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

यात अवघड असे काही नाही. परंतु माहीत नसलेले सोपे कामही भय निर्माण करते आणि माहीत झालेले अवघड कामही धीर देते. चौथ्या अध्यायात (४.३४) ज्ञान मिळविण्याचा मार्ग सांगितला आहे: जाणत्यांपुढे नम्र व्हावे, त्यांना पुनःपुन्हा विचारावे, त्यांची सेवा करावी. हा उपदेश तत्त्वज्ञानापुरता नाही. रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेला "ताई, एकदा माझ्या हातून करवून घ्या" असे म्हणण्यास जो गृहस्थ लाजत नाही, त्याने तो उपदेश आचरिला असे समजावे.

स्वतः भगवंतांची शुश्रूषा

शुश्रूषा हे हलके काम आहे, पुरुषाचे नव्हे, असा समज अजून काही घरांतून आढळतो. त्यांनी महाभारताच्या द्रोणपर्वातील एक प्रसंग आठवावा. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक क्षण मोलाचा. अशा वेळी रथाचे घोडे बाणांनी घायाळ होऊन थकले. तेव्हा अर्जुनाने रणातच बाणांचा निवारा आणि पाण्याचे तळे निर्माण केले आणि श्रीकृष्णांनी घोडे सोडून, त्यांच्या अंगातील बाण स्वतःच्या हातांनी उपटून, त्यांना चोळून, न्हाऊ घालून, पाणी पाजून पुन्हा ताजे केले.

ज्या मुखाने गीता सांगितली, त्या मूर्तीचे हात मुक्या जनावरांच्या जखमा धूत होते. घाई सर्वांत अधिक होती तेव्हाच त्यांनी थांबून शुश्रूषा केली. ज्ञानेश्वरांनी १२९० साली रचलेल्या भावार्थदीपिकेत, तेराव्या अध्यायातील आचार्योपासना या एका पदावर गुरुसेवेचे विस्तृत वर्णन केले आहे. शिष्य तेथे गुरूची पादुका, छत्र, द्वारपाल असे सर्व काही आपणच होऊ इच्छितो. सेवेची उत्कटता लहान कामांत उतरते, हे त्या वर्णनाचे मर्म आहे. आजाऱ्याचे अंथरूण नीट करणे, पेज कोमट करून देणे, रात्री दिव्याची वात मंद ठेवणे यांतही तीच उत्कटता उतरू शकते.

पाच कारणे

आता या अभ्यासाच्या मुख्य भागाकडे वळावे. घरी आलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यास सर्वांत अधिक कोणती गोष्ट जाळते? 'माझ्या हातून चूक झाली तर?' हा प्रश्न. जखम चिघळली, ताप आला, औषधाची एक वेळ चुकली, की तो स्वतःस अपराधी ठरवितो. या दाहावर अठराव्या अध्यायातील चौदावा श्लोक हे मोठे औषध आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात असे भगवंत तेथे सांगतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. लगेच पुढे (१८.१६) ते म्हणतात की, असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, तो यथार्थ पाहत नाही.

हा विचार रुग्णाच्या खोलीत लावून पाहावा. अधिष्ठान म्हणजे रुग्णाचा देह. त्याचे वय, त्याची मधुमेहासारखी जुनी दुखणी, जखम भरून काढण्याची त्याची नैसर्गिक शक्ती हे सर्व त्यात आले. कर्ता येथे एकटा नाही. शस्त्रवैद्य, परिचारिका, सेवा करणारा आप्त आणि स्वतः रुग्ण हे सारे कर्ते आहेत. साधने म्हणजे औषधे, मलमपट्टी, उपकरणे. क्रिया म्हणजे चालणे, श्वासाचा व्यायाम, हात धुणे, पथ्य. आणि ज्याचा हिशेब मनुष्याला मांडता येत नाही ते दैव.

या मांडणीतून दोन चुका एकदम टळतात. 'सर्व काही माझ्या हाती आहे' ही पहिली चूक. तिच्यातून चिंता, जागरण आणि चिडखोरपणा निघतो. 'माझ्या हाती काहीच नाही, जे व्हायचे ते होईल' ही दुसरी. तिच्यातून आळस आणि हेळसांड निघते. पाचांपैकी आपल्या वाट्याला जो अंश आला आहे तो पुरता करावा आणि उरलेल्या चार अंशांचे ओझे डोक्यावरून खाली ठेवावे, हा गीतेचा मार्ग आहे. औषध वेळेवर देणे हे पतीचे काम. ते अंगी लागणे हे त्याचे काम नव्हे. त्याने पहिल्याची सर्व काळजी घ्यावी आणि दुसरे ईश्वरावर सोपवावे.

फळावर आपला अधिकार नाही, हे दुसऱ्या अध्यायातील वचन (२.४७) पुष्कळांना रुक्ष वाटते. परंतु ज्याने रात्री उशाशी बसून श्वास मोजले आहेत त्याला विचारावे. त्याला ते वचन रुक्ष वाटत नाही. ते त्याच्या छातीवरचा धोंडा उचलते.

तीन प्रकारचे सेवक

त्याच अध्यायात (१८.२६-२८) कर्त्याचे तीन भेद सांगितले आहेत. ते शुश्रूषा करणाऱ्याच्या ठिकाणीही दिसतात.

तामस सेवक कामाची चालढकल करतो. 'सकाळी पाहू' म्हणून रात्रीचा ताप अंगावर काढू देतो. सदा खिन्न राहून रुग्णाचेही मन खचवितो.

राजस सेवक कष्ट पुष्कळ करतो, पण हर्ष आणि शोक यांच्या झोक्यावर बसलेला असतो. आज पत्नी चार पावले चालली की आनंदाने सर्वांना कळवितो. उद्या ती निजून राहिली की हताश होऊन तिला बोल लावतो. आपण किती करीत आहोत हे येणाऱ्या-जाणाऱ्यास रुग्णाच्या देखत सांगतो. ते ऐकून अंथरुणावरच्या जिवाला आपण भार झालो असे वाटते, याचे त्याला भान राहत नाही.

सात्त्विक सेवकाच्या ठिकाणी धैर्य आणि उत्साह असतो, मीपणा नसतो आणि दिवस चांगला गेला काय अथवा वाईट गेला काय, त्याच्या हाताची गती बदलत नाही. शस्त्रक्रियेनंतरची सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन दिवस बरे जातात, तिसरा वाईट जातो. झोप मोडते, अन्नावरची वासना उडते, कधी कारणावाचून रडू येते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मन खिन्न होणे पुष्कळांच्या बाबतीत घडते. हे माहीत असले म्हणजे तिसरा दिवस पराभवाचा वाटत नाही. खिन्नता लांबली तर मात्र तीही डॉक्टरांना सांगावयाची असते. तो रुग्णाचा हट्ट समजू नये.

वाणीचे तपही (१७.१५) येथेच कसास लागते. उद्वेग न देणारे, खरे, प्रिय आणि हितकर बोलणे या चारही अटी एकदम पाळावयाच्या असतात. "कळत कसे नाही?" हे वाक्य हिताचे असेल, पण ते उद्वेग देते. "थांब, मी उशी धरतो, मग खोक" या वाक्यात हित तेच आहे आणि तप पूर्ण आहे.

बांचे घरी येणे

महात्मा गांधींच्या आत्मकथेत या विषयाचे एक उदाहरण आहे. १९०९ सालच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांवर डर्बन येथे शस्त्रक्रिया झाली. अशक्तपणामुळे त्यांना क्लोरोफॉर्म देता आले नाही. त्यांनी त्या वेदना विलक्षण धैर्याने सोसल्या. पुढे प्रकृती ढासळली. डॉक्टरांना शक्तीसाठी गोमांसाचा रस देणे आवश्यक वाटले. गांधीजींनी निर्णय स्वतः लादला नाही. बांना विचारले, आणि त्यांच्यावर आपले मत बंधनकारक नाही हेही सांगितले. बांनी ठाम नकार दिला आणि येथून मला घेऊन चला म्हटले. पाऊस पडत होता. आगगाडीपर्यंत गांधीजींनी त्यांना हातांवर उचलून नेले. फिनिक्सच्या स्थानकावर झोळी, गरम दूध, गरम पाणी आणि वाहून नेण्यासाठी सहा माणसे यांची व्यवस्था त्यांनी आगाऊ निरोप पाठवून करविली होती. वाटेत धीर देण्याची पाळी मात्र बांची होती: मला काही होणार नाही, तुम्ही चिंता करू नका, असे त्यांनीच पतीला सांगितले. आश्रमात हळूहळू त्यांना शक्ती आली.

या कथेतून डॉक्टरांचा सल्ला डावलण्याचा धडा कोणी घेऊ नये. त्या कृतीत मोठा धोका होता, हे गांधीजींनाही ठाऊक होते. आज आहाराविषयी धर्माची अडचण असल्यास ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. बहुधा दुसरा मार्ग निघतो. घ्यावयाचे धडे वेगळे आहेत. रुग्णाची इच्छा विचारणे, कारण देह त्याचा आहे. घरी नेण्याची तयारी आधी करणे. एकट्याने न करता सहा जणांचे हात मागणे. आणि रुग्णही सेवकाला धीर देऊ शकतो, हे ओळखणे.

पुढे १९२७ साली स्वतः गांधीजींची प्रकृती बिघडली तेव्हा त्यांनी नंदीदुर्ग येथे आणि नंतर बंगळुरात विश्रांती घेतली. अखंड कर्म करणाऱ्या त्या कर्मयोग्यालाही विश्रांती हेच त्या काळचे कर्तव्य म्हणून स्वीकारावे लागले.

अनासक्ती म्हणजे प्रेमाचा अभाव नव्हे

येथे एक शंका येते. तेराव्या अध्यायात (१३.९) ज्ञानाच्या लक्षणांत पुत्र, पत्नी, घर यांविषयी आसक्ती नसणे आणि त्यांच्यात गुरफटून न जाणे सांगितले आहे. मग पत्नीच्या उशाशी जागणारा गृहस्थ ज्ञानापासून दूर गेला काय?

तसे नाही. ज्याचा निषेध आहे तो अभिष्वंग, म्हणजे दुसऱ्याच्या सुखदुःखाशी असे एकरूप होणे की त्याला सावरण्यास कोणी उरतच नाही. पाण्यात बुडणाऱ्यास काठावरचा मनुष्य वाचवू शकतो. त्याच्याबरोबर बुडणारा वाचवू शकत नाही. रात्री दोन वाजता पतीचे जे झाले, ते या अभिष्वंगामुळे झाले. तिची वेदना स्वतःची करून ते इतके व्याकुळ झाले की उशी धरण्यास त्यांचा हात पुढे झाला नाही, शब्द पुढे झाले. अनासक्ती आली असती तर प्रेम कमी झाले नसते. ते हातांत उतरले असते.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले; ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. ते तुरुंगात असतानाच १९१२ साली पुण्यात सत्यभामाबाईंचा अंत झाला. कर्मयोगाचा तो भाष्यकार पत्नीच्या अंतकाळी तिच्या उशाशी बसू शकला नाही. ज्याला ते बसणे लाभले आहे त्याने त्याला संकट म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा.

सेवकाचा आहार आणि निद्रा

तिसरे ऐकणे स्वतःच्या देहाचे. सहाव्या अध्यायात (६.१६-१७) भगवंत स्पष्ट म्हणतात की, फार खाणाऱ्याला किंवा मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला किंवा सदा जागणाऱ्याला योग साधत नाही. शुश्रूषा हा योग असेल तर हा नियम तिलाही लागू आहे. पत्नी आजारी असता आपण कसे जेवावे, आपण कसे निजावे, या भावनेत प्रेम असले तरी विवेक नाही. जागरणाने थकलेला मनुष्य औषधाची मात्रा चुकतो आणि जिभेवरचा ताबा गमावतो. म्हणून शेजाऱ्यांची मदत मागण्यात कमीपणा मानू नये. शेजारच्या कन्नड घरातून गंजी आली तर ती आपलीच पेज समजून घ्यावी. मुलाने दुरून पैसे पाठविण्याबरोबर आठवडाभर येऊन रात्रीची पाळी धरावी, असे त्याला निःसंकोच सांगावे. दुसऱ्यास सेवेची संधी देणे हाही मीपणा सोडण्याचाच एक प्रकार आहे.

रुग्णाची साधना

अंथरुणावर असलेल्यालाही धर्म आहे. स्मरण ठेवणे, सांगितलेले ऐकणे, न भिणे आणि आपल्याला काय होते ते नीट सांगणे हे रुग्णाचे चार गुण चरकाने मानले आहेत. यांतील शेवटचा गुण आपल्या घरांतील स्त्रिया बहुधा सोडून देतात. 'त्यांना उगाच त्रास कशाला' म्हणून दुखणे लपवितात. ते लपविणे प्रेमाचे असले तरी घातक आहे. जन्मभर ज्या हातांनी दुसऱ्यांना वाढले, त्यांनी आता घेण्यास शिकणे ही मोठी साधना आहे. शीत-उष्ण, सुख-दुःख हे येणारे आणि जाणारे आहेत, ते सोसावे, असे दुसऱ्या अध्यायात (२.१४) सांगितले आहे, परंतु सोसणे म्हणजे लपविणे नव्हे.

नित्याचा अभ्यास

बंगळुरातच कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी गीतेचे विवरण जीवनधर्मयोग या नावाने केले आणि त्या ग्रंथास १९६७ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने त्यांनी १९४५ साली त्या नगरीत संस्था स्थापिली. गीता ही जगण्याचा धर्म शिकविते, हे त्या ग्रंथाच्या नावातच आले आहे. तेव्हा या पाठाचाही शेवट आचरणात व्हावा. रुग्ण घरी असता पुढील नियम पाळावेत.

१. सकाळी सूचनांचा कागद दोघांनी मिळून वाचावा. औषधे, वेळा आणि लक्षणे एका वहीत टिपावी.
२. जखमेस हात लावण्यापूर्वी हात धुताना क्षणभर थांबावे आणि 'हे माझे आजचे पूजन' असे मनात म्हणावे.
३. रागाचा शब्द ओठांवर आला तर आधी हाताने काम करावे, मग बोलावे.
४. दिवसातून एकदा रुग्णास विचारावे, "तुला काय हवे?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.
५. चोवीस तासांत आपली झोप पुरेशी होईल अशी पाळी लावावी.
६. रात्री निजताना पाच कारणे आठवावी. आपला अंश झाला असेल तर उरलेले ईश्वरास अर्पण करावे.

बसवनगुडीतील त्या घरात पहाट झाली. पती अंथरुणाशी येऊन बसले. "रात्री चुकले माझे," एवढेच ते म्हणाले. पत्नीने थोडे थांबून म्हटले, "अहो, मलाही भीती वाटत होती. आज दुपारी शेजारच्या बाईंना बसवा आणि तुम्ही दोन तास निजा." मग दोघांनी कागद वाचला. खोकल्याविषयी डॉक्टरांना दूरध्वनी केला. पुढच्या खोकल्याच्या वेळी उशीवर दोन हात अधिक होते.

गीता संपते तेव्हा युद्ध संपलेले नसते. ते सुरूही झालेले नसते. फक्त अर्जुनाचा मोह गेलेला असतो, आठवण परत आलेली असते आणि सांगितलेले करण्यास तो उभा राहिलेला असतो (१८.७३). रुग्णाच्या घरीही असेच घडते. दुखणे अजून उरलेले असते, पुढचे महिने कसे जातील हे कोणासच सांगता येत नाही. परंतु ज्या हातातून भांडे निसटले होते, तो हात स्थिर झालेला असतो. गृहस्थाला गीतेपासून मिळणारा प्रसाद तो हाच.